ब्रश धुऊन ठेवताना

हॉस्टेलमध्ये कॉटखाली काय काय सापडतं याची कुणी यादी केली, तर सुटकेस, बादली आणि जुन्या जर्नल्सच्या गठ्ठ्यामागे एक वस्तू हमखास निघेल. कुणाची रंगांची पेटी, कुणाची बासरी, कुणाचं अर्धवट विणलेलं काहीतरी. फर्स्ट इयरला येताना प्रत्येकजण असं काहीतरी घेऊन येतो. "वेळ मिळणार आहे का तिथे?" असं घरी विचारलेलं असतं आणि "मिळेल गं!" असं आपण ठासून सांगितलेलं असतं. मग ई.डी.च्या शीट्स सुरू होतात. सबमिशन, ओरल्स, पी.एल... पेटी कॉटखाली सरकते. कुणी विचारलंच तर आपण म्हणतो, "सध्या जरा ब्रेक घेतलाय."

आमच्या विंगमध्ये फर्स्ट इयरला चित्रं काढणाऱ्या सहाजणी होतो. सगळ्या शाळेत एलिमेंटरी, इंटरमीजिएट दिलेल्या. स्मरणचित्र, संकल्पचित्र, निसर्गचित्र सगळं करून आलेल्या. आता फायनल इयरला आम्ही दोघीच उरलोय. बाकीच्या चौघींना "सोडलं का गं?" असं विचारलं तर एकही हो म्हणत नाही. त्यांचाही ब्रेकच चालू आहे!

तर मंडळी, हा लेख त्या ब्रेकबद्दल आहे. ब्रेक घेऊ नका, कष्ट करा, वगैरे सांगायला मी आलेली नाही. उलट ब्रेकशिवाय चित्र होतच नाही असं माझं ठाम मत आहे. पण तो कुठे घेतला, कशासाठी घेतला आणि परत यायला दार उघडं ठेवलं की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं. आणि यात मनाच्या निग्रहापेक्षा पाणी, चुना, तेल, डोळा या गोष्टींचा हात जास्त असतो. आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा मटेरियलपासूनच सुरुवात करू.

मला येतात ते जलरंग. जलरंग म्हणजे रंगाची अगदी बारीक पूड आणि डिंक. पाणी उडून जातं आणि डिंक ती पूड कागदाला धरून ठेवतो. इतकं साधं. पण हे पाणी उडून जाण्याच्या काळात कागद तीन अवस्थांतून जातो. सुरुवातीला तो चकचकीत ओला असतो, तिरका धरला तर ट्यूबलाइट त्यात दिसते. तेव्हा रंगात रंग सोडला की छान मिसळतो. शेवटी तो खडखडीत वाळतो, तेव्हा त्यावर दुसरा थर देता येतो. धोका मधल्या अवस्थेत आहे. चकाकी गेलेली असते, कागद वाळल्यासारखा दिसतो, पण आतून दमट असतो. नेमका अशा वेळी पाण्याने भरलेला ब्रश लावला, की ते जास्तीचं पाणी आजूबाजूच्या कमी ओल्या भागात शिरतं, जाताना तिथली पूड ढकलत नेतं आणि जिथे थांबतं तिथे वेडीवाकडी गडद कड सोडतं. दिसायला थेट फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी! आकाशात एक फ्लॉवर आला की ते आकाश गेलं.

याचं एक नातं आपल्या टपरीवरच्या चहाशी आहे. टेबलावर चहा सांडून वाळला की डागाची कड मधल्या भागापेक्षा गडद दिसते, बघितलंय ना? थेंबाची कड टेबलाला चिकटून बसलेली असते आणि तिथलं पाणी लवकर उडतं. ती तूट भरून काढायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि बरोबर कण घेऊन जातं. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात कॉफीच्या डागावरून हे समजावून सांगितलं. इतक्या रोजच्या गोष्टीचं नीट स्पष्टीकरण विसाव्या शतकाच्या अखेरीला आलं, याची मला फार गंमत वाटते.

असो. सांगायचा मुद्दा असा, की जलरंगात पहिला ब्रेक आपण घेत नाही, कागद घ्यायला लावतो. कागद वाळला की नाही हे बघायला हाताची मागची बाजू अलगद टेकवायची. गार लागला तर अजून पाणी उडतंय. तेच ते लेटंट हीट, थर्मोमधलं! उन्हाळ्यात एक थर पंधरा मिनिटांत वाळतो. जुलैमध्ये, खोलीत तिघींचे ओले कपडे दोरीवर लोंबत असताना, तासभर वाट बघूनही कागद गारच लागतो. रूममेटचा हेअर ड्रायर मारता येतो, आणि मारतातही. मला तो फारसा पटत नाही. कागद लवकर वाळतो खरा, पण ती पंधरा मिनिटं हातची जातात. चित्राकडे नुसतं बघण्याची तेवढीच वेळ असते. त्या वेळात पुढची सावली किती गडद हवी हे ठरतं, आणि बऱ्याचदा 'इथे आता काहीच करायला नको' हेही तेव्हाच कळतं. जलरंगात बिघडलेली चित्रं मोजली, तर कमी काम केल्याने बिघडलेली थोडी आणि जास्त हात लावल्याने बिघडलेली ढीगभर निघतील.

रांगोळीचं वेगळंच. गॅदरिंगच्या आदल्या रात्री पोर्ट्रेट रांगोळी काढणारी मंडळी तुम्ही पाहिली असतील. आठ-दहा तास उकिडवं बसायचं, कंबर आणि गुडघे बोलायला लागतात. तिथे वाळायचं काहीच नसतं, त्यामुळे थांबायला कुणी सांगत नाही. तरी चांगले रांगोळीवाले दर थोड्या वेळाने उठतात आणि स्टुलावर चढून खाली बघतात. कारण बसून बघताना लांबचं कपाळ दबलेलं दिसतं आणि जवळची हनुवटी पसरट. बसल्या जागेवरून जे प्रमाणात वाटतं ते वरून बघितलं की ताणलेलं निघतं. हल्ली मोबाइल उंच धरून फोटो काढतात, काम तेच. म्हणजे ज्याला आपण पाय मोकळे करणं म्हणतो ते खरं तर मोजमाप असतं. आमच्याकडे एका रांगोळीवाल्याला मी विचारलं, "किती वेळाने उठतोस?" तो म्हणाला, "प्रत्येक डोळ्यानंतर."

आता जिथे ब्रेक घेताच येत नाही असं एक माध्यम बघू, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल. ते माध्यम म्हणजे फ्रेस्को, इटलीतली भिंतीवरची चित्रं. सिव्हिलवाल्यांना यातली केमिस्ट्री माहीत असेल. भिंतीला चुन्याचा ओला गिलावा करायचा आणि तो ओला असतानाच पाण्यात कालवलेले रंग लावायचे. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे जवळजवळ दगडच. रंगाचे कण त्या दगडात अडकून बसतात. वेगळा डिंक लागत नाही, चित्र शतकानुशतकं टिकतं. अट एकच, गिलावा ओला आहे तोवर काम संपलं पाहिजे. म्हणून एका दिवसात रंगवता येईल तेवढाच तुकडा लिंपायचा. अशा तुकड्याला इटालियनमध्ये 'जोर्नाता' म्हणतात, म्हणजे एका दिवसाचं काम. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात सिस्टीन चॅपेलचं छत रंगवलं ते याच पद्धतीने.

लिओनार्दो दा विंचीला ही पद्धत मानवणारी नव्हती. मिलानमधल्या सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनगृहात, म्हणजे त्यांच्या मेसमध्येच म्हणा ना, त्याने साधारण १४९५ ते १४९८ या काळात 'द लास्ट सपर' रंगवलं. तेव्हा मुलगा असलेल्या बांदेल्लो नावाच्या लेखकाने ते काम चालू असताना पाहिलं होतं आणि पुढे लिहून ठेवलं. लिओनार्दो कधी सूर्योदयाला परातीवर चढायचा तो अंधार पडेपर्यंत खाणंपिणं विसरून रंगवत राहायचा. मग दोन-तीन-चार दिवस ब्रशला हात नाही. नुसता येऊन तासन्‌तास चित्रासमोर उभा राहायचा. आणि कधी भर दुपारी, शहराच्या दुसऱ्या भागात चाललेलं मातीच्या घोड्याचं काम टाकून तडक यायचा, एक-दोन फटकारे मारायचा आणि निघून जायचा!

मठाच्या प्रमुखाला हे बघून संताप यायचा, असं वासारीने लिहिलंय. बागेत कुदळ चालवणारे मजूर जसे न थांबता राबतात तसं यानेही राबावं अशी त्याची अपेक्षा. प्रकरण ड्यूककडे गेलं. तेव्हा लिओनार्दोने सांगितलं, की अशा कामात हात थांबलेला दिसतो तेव्हा डोकं सगळ्यात जास्त राबत असतं. वर असंही म्हणाला म्हणे, की ज्यूडासचा चेहरा अजून सापडत नाहीये, अगदीच नाही मिळाला तर या प्रमुखाचाच वापरतो! वासारीच्या गोष्टी थोड्या मीठमसाला लावलेल्या असतात, पण ही मला आवडते.

गोष्ट इथे संपवतात बहुतेकजण. पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. असे चार-चार दिवसांचे ब्रेक ओल्या गिलाव्यावर चालणार नव्हते. म्हणून लिओनार्दोने कोरड्या भिंतीवर, रंगाला वेगळा बंध देऊन चित्र काढलं. त्यामुळे हवं तेव्हा थांबता आलं, हवं तेव्हा बदलता आलं. पण रंग भिंतीत मुरला नाही, वर बसून राहिला. भिंतीतल्या ओलीने तो सुटायला लागला. १५१७ साली, म्हणजे लिओनार्दो जिवंत असतानाच, एका प्रवाशाने चित्र खराब व्हायला लागल्याची नोंद केली आहे. शेवटची मोठी दुरुस्ती १९७८ साली सुरू झाली ती १९९९ साली संपली. एकवीस वर्षं! रंगवायला लागलेल्या वेळाच्या कितीतरी पट. (कोरड्या पृष्ठभागावर रंगवणं हाच दोष, असं मात्र समजू नका. आपली अजिंठ्याची चित्रंही कोरड्या लेपावरच आहेत. लेप, बंध, भिंत आणि हवा यांचं गणित जमावं लागतं.)

म्हणून मी म्हणते, ब्रेक फुकट मिळत नाही. तो कुठून तरी वसूल होतो. आपल्याला परवडेल असा ब्रेक कोणता, एवढंच बघायचं.

सगळ्यात जास्त ब्रेक परवडतात ते तैलरंगात. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. पातळ थर हाताला कोरडा लागायला काही दिवस, जाड थर आतपर्यंत वाळायला महिने. तिशन हा व्हेनिसचा चित्रकार सुरुवातीचे थर दिले की कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवून द्यायचा आणि काही महिने बघायचाच नाही. मग एखाद्या शत्रूकडे बघावं तसं त्याकडे बघायचा आणि चुका शोधायचा. भिंतीकडे तोंड करणं आणि कॉटखाली सारणं, दिसायला सारखंच आहे. फरक एवढाच, की तिशनला कधी उलटवायचं ते माहीत होतं.

आपल्याकडे या बाबतीत वासुदेव गायतोंडे यांच्याइतकं ठळक उदाहरण दुसरं नाही. जन्म १९२४ सालचा नागपूरचा, घराणं गोव्याचं, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, १९४८ साली डिप्लोमा. अमूर्त चित्रं, रंगाचे थर रोलरने लावायचे, पॅलेट नाइफने काढायचे, पुन्हा लावायचे. वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास. बाकीचा वेळ? विचार, वाचन, संगीत आणि स्वस्थ बसणं. पुढे १९८४ साली अपघात झाला आणि मोठे कॅनव्हास हाताळणं काही वर्षं शक्य होईना. हा त्यांनी न मागितलेला ब्रेक. तेव्हा त्यांनी कागदावर शाईने लहान रेखाटनं केली आणि नंतर पुन्हा कॅनव्हासकडे आले. २००१ साली ते गेले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. मला यातली लिलावाच्या कोटींची आकडेवारी तितकी मोलाची वाटत नाही, जितकी ती लहान रेखाटनं वाटतात. मोठं काम अशक्य होतं तेव्हा त्यांनी माध्यम लहान केलं, हात चालू ठेवला. परीक्षेच्या महिन्यात आपल्याला करता येण्यासारखं नेमकं हेच आहे. फुल शीट नाही तर पोस्टकार्ड. तेही नाही तर जर्नलच्या मागच्या पानावर बॉलपेनने समोरचा पाण्याचा जग!

आता ब्रेकमध्ये डोळ्यात आणि डोक्यात काय होतं ते थोडक्यात.

डोळा फार लवकर सवय लावून घेतो. लाल कागदाकडे अर्धा मिनिट टक लावून बघा आणि मग पांढऱ्या भिंतीकडे बघा, हिरवट-निळसर डाग दिसेल. लालची सवय झाल्यामुळे डोळा लालला कमी दाद देतो. चित्रावर दोन तास सलग बसलं की हेच होतं. सगळं चित्र पिवळट झालेलं असतं आणि आपल्याला कळतही नाही. त्यात रात्री पिवळ्या बल्बखाली रंगवलं असेल तर बघायलाच नको. म्हणून रात्री एक वाजता 'वा, जमलं!' किंवा 'फाडून टाकावं' यातला कुठलाच निकाल द्यायचा नाही, सकाळी उजेडात द्यायचा. लिओनार्दोने आपल्या टिपणांमध्ये चित्रकारांना हेच सांगितलंय: अधूनमधून काम सोडून थोडी विश्रांती घ्या, परत आलात की नजर जास्त खरी ठरते. लांब जाऊन बघा, आरशात बघा. आरशात चित्र उलटं दिसतं, आपल्याला ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं, आणि दुसऱ्याच्या चुका आपल्याला लगेच दिसतात हे काय वेगळं सांगायला हवं?

डोक्याचं प्रकरण जरा गूढ आहे. आँरी पॉइंकारे या फ्रेंच गणितज्ञाने १९०८ साली सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. एका गणिताशी तो बरेच दिवस झगडला, मग भूगर्भशास्त्राच्या सहलीला गेला, आणि कुतांस नावाच्या गावी घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी उत्तर सुचलं. हे सगळे सांगतात. पण त्यानेच पुढे जोर देऊन सांगितलंय, की असं सुचण्याआधी जाणूनबुजून केलेले कष्ट लागतात आणि सुचल्यानंतरही लागतात. ग्रॅहम वॉलस याने १९२६ च्या पुस्तकात या मधल्या काळाला 'उबवण्याचा' टप्पा म्हटलं. २००९ साली सिओ आणि ऑर्मरॉड या दोघांनी अशा ११७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. मध्ये थांबण्याचा फायदा होतो असं त्यातून दिसलं, विशेषतः जिथे एकच एक उत्तर नसतं अशा कामात. शब्दांच्या कोड्यांच्या बाबतीत तर नुसतं रिकामं बसण्यापेक्षा किंवा डोक्याला ताण देणाऱ्या कामापेक्षा हलकंफुलकं काम करत राहणं जास्त उपयोगी ठरलं.

मी ते माझ्या भाषेत असं समजते: मटकी भिजत घालून झाकून ठेवली की मोड येतात. रिकामं पातेलं झाकून ठेवलं तर काही येत नाही. आणि मटकी चार दिवस विसरली तर काय होतं ते आमच्या मेसच्या मावशींना विचारा.

हलकंफुलकं काम म्हणजे कपडे धुणं, पाण्याची बाटली भरून आणणं, ग्राउंडला एक चक्कर. मोबाइलवर रील्स बघणं यात बसतं का? माझं मत स्पष्ट आहे, नाही. ज्या डोळ्यांना विश्रांती द्यायची त्यांच्याच पुढ्यात मिनिटाला चार नवी चित्रं नाचवायची, याला ब्रेक कसं म्हणायचं? शिवाय पंधरा मिनिटांचा पाऊण तास होतो ते वेगळंच.

आता उत्साहाबद्दल, म्हणजे ज्याला सगळे 'मोटिव्हेशन' म्हणतात त्याबद्दल. इथे मला सर आणि मॅडम मंडळींनाही काही सांगायचंय.

१९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीच्या ५१ मुलांवर एक प्रयोग केला. मुलं निवडली ती मुळातच चित्र काढायची आवड असलेली. एका गटाला आधीच सांगितलं, की स्केचपेनने चित्रं काढलीत तर सोनेरी तारा आणि रिबीन असलेलं सर्टिफिकेट मिळेल. दुसऱ्या गटाला काहीच सांगितलं नाही, पण चित्रं काढून झाल्यावर तेच सर्टिफिकेट अचानक दिलं. तिसऱ्या गटाला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेन नुसते ठेवून दिले आणि कोण किती वेळ रंगवतं ते गुपचूप पाहिलं. ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं, त्यांनी बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढली! आणि अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नव्हती. म्हणजे दोष बक्षिसात नव्हता, 'हे केलंस तर ते देईन' या सौद्यात होता.

आपल्या कॅम्पसवर हा प्रयोग दरवर्षी होतो. गॅदरिंगच्या फाइन आर्ट्सच्या स्पर्धेसाठी आठवडाभर रात्री जागवल्या जातात, सर्टिफिकेटं वाटली जातात आणि पुढचे अकरा महिने रंगांना कुणी हात लावत नाही. मध्यंतरी स्केच क्लबला हजेरी लावून क्रेडिट द्यावेत अशी एक सूचना आली होती. हेतू चांगला आहे, पण कृपया नको! त्याऐवजी जिन्यातला तो रिकामा नोटीस बोर्ड आम्हाला द्या. कुणी काहीतरी लावेल, कुणी जाता जाता थांबून बघेल, एखादे सर "हे कुणी काढलं?" असं विचारतील. तेवढं खूप दिवस पुरतं.

आणि उत्साह आल्यावर बसू, असं म्हणणाऱ्यांची वाट तो बघायला लावतो. बसल्यावर दहा मिनिटांनी तो येतो, कधी येतही नाही. म्हणून मी उत्साहाच्या मागे न लागता परत बसणं सोपं कसं होईल ते बघते.

त्यासाठी सगळ्यात महत्त्वाची वेळ म्हणजे ब्रश धुऊन ठेवण्याची. हेमिंग्वे हा लेखक १९५८ सालच्या एका मुलाखतीत सांगतो, की पुढे काय होणार हे माहीत असेल अशा ठिकाणी तो दिवसाचं लेखन थांबवायचा. विहीर पूर्ण उपसायची नाही, असा हिशेब. मी चित्रात तेच करते. अडले आहे तिथे थांबत नाही, सोपं काहीतरी शिल्लक ठेवून थांबते. आणि ब्रश धुण्याआधी एक चिठ्ठी लिहून बोर्डाला टाचते. 'डावी भिंत, सावलीचा दुसरा थर, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. दाराला हात लावू नको.' दहा दिवसांनी इंटर्नल्स संपवून आलं की विचार करत बसावं लागत नाही, चिठ्ठी सांगते ते करायचं. बोर्ड कपाटावर, कॉटवरून दिसेल असा. कॉटखाली गेलेली वस्तू दिसत नाही, आणि दिसत नाही ती आठवत नाही.

लांबच्या ब्रेकनंतरचा पहिला दिवस चित्राचा नसतोच. त्या दिवशी मी फक्त रंगांचे चौकोन काढते, एकेका रंगात पाणी वाढवत फिकट करत न्यायचे. हात जड झालेला असतो, दोन-तीन बैठकांत मोकळा होतो. नजर मात्र मागे पडत नाही. उलट ब्रेकमध्ये ती पुढेच गेलेली असते, म्हणून जुनी चित्रं आधीपेक्षा वाईट दिसतात. अनेकजणी इथे घाबरून पेटी बंद करतात. चित्रं तीच आहेत, बघणारी सुधारली आहे, एवढंच.

सध्या माझ्यापुढे एक असंच काम आहे जे थांबायला तयार नाही. वर्कशॉपमागची जुनी फाउंड्रीची शेड तुम्ही पाहिली असेल. नव्या इमारतीसाठी ती मे महिन्यात पाडणार आहेत. कपोला कधीच थंड झालाय, मोल्डिंगच्या वाळूवर मांजरं झोपतात. तिची नऊ चित्रं करायची असं मी जानेवारीत ठरवलं. हे लिहिताना पाच झाली आहेत. वर्कशॉपच्या मामांनी मला एक गोष्ट दाखवली: छताचा एक पत्रा उडालाय, तिथून ऊन थेट भट्टीच्या तोंडावर पडतं, पण फक्त आठ ते पावणेनऊ. पंचेचाळीस मिनिटं. त्यात जेवढं होईल तेवढं, मग दुसऱ्या दिवशीपर्यंत ब्रेक. अगदी जोर्नाताच! ऊन सरकलं की मी चिठ्ठी लिहिते, ब्रश धुते आणि नऊच्या लेक्चरला पळते. दिवसभर ती भट्टी डोक्यात असते. फ्लुइड मशिनरीच्या तासाला गेल्या आठवड्यात कळलं, की तिथली काजळी काळी नाहीये, गडद जांभळट तपकिरी आहे. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं, खरंच तशी होती.

मामा तिथे तीस वर्षं काम केलेले. चित्रात ते नाहीत, "मला नका घालू" म्हणाले. पण रोज येऊन मागे उभे राहतात. परवा म्हणाले, "मॅडम, त्या कोपऱ्यात लॅडल टांगलेला असायचा." सहाव्या चित्रात तो आहे.

आणखी चार कागद उरलेत, आणि मधे एक सबमिशन, एक ओरल. कॉटखाली पेटी असलेल्यांसाठी सांगते: दर रविवारी सकाळी सात ते नऊ मी तिथे असते. जादा बोर्ड आणि क्लिपा आहेत. रंग सुकून खडे झाले असतील तरी चालतील, केकचे असोत की ट्यूबचे, जलरंग पाण्याने पुन्हा भिजतात. पाणी मात्र आपापलं आणा, वर्कशॉपचा नळ सुट्टीच्या दिवशी बंद असतो.